दही लागत नाही तेव्हा विरजणाच्या आत काय चाललेलं असतं

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी त्यांच्याच शब्दांत देतो. घरच्या चार म्हशींच्या दुधाचं दही लावून, गाडग्यांतून बेळगावला पाठवणं हा त्यांचा धंदा आहे.

"सर, म्हशी त्याच, दूध तेच, विरजण तेच. खरं दिवाळी झाली की दही लागंनाच. सकाळी बघावं तर दूधच. विरजण वाढवलं की दुपारपर्यंत लागतंय, खरं आंबट होतंय नि चमचा उचलला की तार सुटतीय. मोठी ऑर्डर असली की दोन-तीन दिवसांचं दूध कच्चंच फ्रिजात साठवते, त्या दिवशीचं दही कडू लागतंय. गिऱ्हाइकानं सहा गाडगी परत पाठवली. लेक बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी शिकतीय. तिच्या वहीत जंतूंच्या वाढीचा आलेख काढलाय, खरं त्याचा दह्याशी संबंध काय ते तिला सांगता येईना."

ताई, मी बत्तीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध आणि दही तपासलं. तुमच्या चारही तक्रारींची मुळं वेगळी आहेत आणि एकीवर केलेला उपाय दुसरीला वाढवतो. विरजण वाढवण्याचा उपाय तर पहिल्यांदा सोडा. कारण लेकीच्या वहीतल्या त्याच आलेखात आहे.

चहाचे दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम विरजण तुम्ही लिटरभर दुधात घालता. चांगल्या ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटींच्या आसपास जिवाणू असतात. दुधात ढवळले की दर मिलिलिटरला एक कोटी झाले. एकाचे दोन, दोनाचे चार अशी त्यांची वाढ होते. सात वेळा दुप्पट झाले की एक कोटीचे १२८ कोटी होतात, आणि तोवर दही लागलेलं असतं. दूध तिशीच्या घरात उबदार असेल तर आपल्याकडच्या दह्यातल्या जिवाणूंना एका दुपटीला साधारण तास लागतो. म्हणजे सात तास, शिवाय सुरुवातीला जागं व्हायला लागणारा वेळ. रात्री नऊला लावलं की पहाटेपर्यंत गाडगं तयार. उन्हाळ्यात तुमचा हिशेब बरोबर येतो तो यामुळे.

थंडीत दूध २० अंशांवर आलं की तीच दुपट दोन तास घेते. सात दुपटींना चौदा तास आणि जागं व्हायचा वेळही लांबलेला. सकाळी दूधच दिसणार, दुसरं काय!

आता विरजण दुप्पट केलंत, दोनाचे चार चमचे. वाचलं काय? फक्त एक दुपट. सातऐवजी सहा. थंडीत दोन तास वाचले, पण चार चमच्यांबरोबर आयतं आम्लही दुधात गेलं. आठ चमचे घातले तर दोन दुपटी वाचतात आणि दही पहिल्यापासूनच आंबट वाटेनं चालू लागतं. त्याउलट दूध ३० अंशांवर टिकवलं तर सातही दुपटींचा वेळ निम्मा होतो. चमच्यांनी होत नाही ते उबेनं होतं. हा हिशेब लेकीकडून एकदा कागदावर करून घ्या. तिलाही आलेख पाठ करायची गरज उरणार नाही.

मी तुम्हाला गाडग्यात तापमापी घालून बघायला सांगितलं होतं. तुम्ही कळवलेले आकडे बोलके आहेत: रात्री नऊला ३८, अकराला २९, पहाटे पाचला २१. दूध पहिल्या दोन तासांतच नऊ अंश उतरलं. यात थंडीइतकाच दोष गाडग्याचा आहे. भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी गार होतं त्याच रीतीनं तुमचं दही गार होतं. गाडगं पाणी शोषून घेतं म्हणून दही घट्ट लागतं, गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे देतं, तेव्हा गाडगं सोडा असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दही आधी जाड स्टीलच्या डब्यात पाच-सहा तास धरू द्या असंही सांगणार नाही, कारण धरत आलेलं दही हलवलं की पाणी सुटतं. गाडगी आधी कोमट पाण्यात भिजवून, पुसून, मग त्यांत दूध ओता. कोरडं थंड गाडगं पहिल्या अर्ध्या तासातच दुधाची ऊब पिऊन टाकतं. नंतर लाकडी पेटीत भाताचा कोंडा भरून त्यात गाडगी गळ्यापर्यंत पुरा आणि वरून घोंगडी घाला. खानापूर तालुक्यात भाताच्या कोंड्याला तोटा नाही आणि उष्णता धरून ठेवायला तो फार चांगला. पेटी चुलीच्या खोलीत ठेवा, वैलावर नको. वैलावर तळ तापतो, तिथलं दही फाटतं आणि वर दूध राहतं.

थंडीनं जिवाणू मंद का होतो हे समजायला तो एकदा जवळून बघावा लागतो. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्याच दिवशी मी त्याला दह्याची काचपट्टी करायला लावत असे. सुईच्या टोकाएवढं दही काचेवर पसरायचं, वाळवायचं, ज्योतीवरून हलकेच फिरवायचं, झायलॉलनं स्निग्धांश धुऊन काढायचा, मग अल्कोहोल, मग मिथिलीन ब्ल्यू. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या भिंगातून बघितलं की फिकट निळ्या पार्श्वभूमीवर गडद निळे ठिपके दिसतात. कुठे जोडीजोडीनं, कुठे मण्यांच्या माळेसारखे. मध्ये मध्ये काड्या पडलेल्या. ठिपके म्हणजे लॅक्टोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस, काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस. एक ठिपका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. पहिल्यांदा बघणारा माणूस बराच वेळ डोळा काढत नाही. १८५७ साली लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं की दूध आंबवतात ते हेच जिवंत कण. तोवर बहुतेक रसायनशास्त्रज्ञ त्याला निव्वळ रासायनिक कुजणं समजत होते.

या ठिपक्याला आपल्या पेशीसारखं केंद्रक नाही. आत एक गोल गुंडाळलेला डीएनए, प्रथिनं बनवणारे हजारो रायबोसोम आणि विकरांनी, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांनी, दाटलेला रस. त्याभोवती पेशीपटल. ते स्निग्ध पदार्थांचं असतं, आणि थंडीत तूप थिजतं तसं तेही ताठर होतं. दुधातली साखर आत ओढणारी प्रथिनं या पटलातच रुतलेली असतात. पटल ताठरलं की त्यांचं काम मंदावतं. आतली विकरंही गारठ्यात सावकाश चालतात. दोन्हीकडून वाढ अडते. फ्रिजातून काढलेलं विरजण तसंच दुधात घातलं तर त्या पेशींना आधी हे सगळं पूर्ववत करावं लागतं, मग विभाजन. आलेखातला सुरुवातीचा सपाट भाग तो हाच. त्या वेळात पेशी स्वस्थ बसलेली नसते. ती विकरं बनवते, मोडतोड दुरुस्त करते. म्हणून विरजण तासभर आधी बाहेर काढा आणि अर्धी वाटी कोमट दुधात कालवून ठेवा. तेवढ्यानं रात्रीचा बराच वेळ वाचतो.

पटलाच्या बाहेर पेशीभित्तिका. साखरेच्या साखळ्या उभ्या, त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे दुवे, अशी विणलेली घोंगडीच ती. दह्यातल्या या जिवाणूंची भित्तिका जाड असते. हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये शोधलेल्या रंगपद्धतीत ते म्हणूनच जांभळे राहतात. ही घोंगडी तुमच्या धंद्याशी थेट जोडलेली आहे, ती अशी. म्हशीला दगडी झाली, कासेला सूज आली की डॉक्टर सडात औषधाची ट्यूब सोडतात. त्यात बऱ्याचदा पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध असतं. ते आडवे दुवे जुळू देत नाही. वाढणारी पेशी भित्तिका ताणते, नवे टाके पडत नाहीत आणि आतल्या दाबानं पेशी फुटते. त्या म्हशीचं दूध बाकीच्यांत मिसळलं तर सगळ्या डब्याचं दही लागत नाही. उकळलं तरी हे औषध पुरतं जात नाही. तुमची अडचण दर हिवाळ्यातली आहे, तेव्हा मूळ कारण हे दिसत नाही. पण एखाद्या रात्री पेटीत ऊब असूनही दही अजिबात धरलं नाही, तर पहिला प्रश्न हाच विचारा की कुठल्या म्हशीला ट्यूब सोडली होती का. औषधाच्या वेष्टनावर जेवढे दिवस दूध वापरू नका म्हणून लिहिलेलं असतं, तेवढे दिवस ते दूध वेगळं काढून टाकायचं. दह्यात नको, चहात नको, गिऱ्हाइकाला तर नकोच.

आता आंबटपणा. दह्याच्या जिवाणूचं पोट कसं चालतं ते कळलं की हा प्रश्न सुटतो. दुधातल्या लॅक्टोज साखरेचे तो दोन तुकडे करतो, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. श्वसन करून एका ग्लुकोजमधून तिसेक एटीपी, म्हणजे पेशीचं चलनी ऊर्जाद्रव्य, मिळवता येतं. पण दुधात या जिवाणूला श्वसनाची ती साखळी चालवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारा हीम नावाचा लोहयुक्त रेणू तो स्वतः बनवू शकत नाही. त्याला एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळतात आणि दोन रेणू लॅक्टिक आम्ल बाहेर टाकावं लागतं. गुऱ्हाळाच्या चुलीत चिपाड कसं सतत ढकलावं लागतं? जाळ भर्रकन होतो, टिकत नाही, राख मात्र ढिगानं पडते. इथली राख म्हणजे आम्ल, आणि त्या राखेचंच दही होतं. दुधातले केसिन या प्रथिनाचे कण एरवी सारख्या विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ठेवतात. दुधाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो. तो खाली येत ४.६ ला पोचला की हा भार संपतो, कण एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. आपण जिभेवर ठेवतो ते हे जाळं.

लिटरभर दुधात सुमारे ४८ ग्रॅम साखर असते, आणि दही लागेपर्यंत तिचा जेमतेम पाचवा हिस्सा संपतो. जिवाणू थांबतो तो अन्न संपलं म्हणून नव्हे, आपल्याच आम्लात कोंडला जातो म्हणून. आम्ल वाढलं की त्याचे काही रेणू पटलातून परत आत शिरतात, आत जाऊन हायड्रोजन आयन सोडतात. तो उपसून बाहेर टाकण्यात पेशीचं तुटपुंजं एटीपी खर्ची पडतं. वाढायला काही उरत नाही. वहीतल्या आलेखाचा वरचा सपाट भाग तो हा.

यातही सगळे सारखे नाहीत. मण्यांच्या माळा आधी थकतात, काड्या जास्त आम्ल सोसतात. दही तीन दिवस जुनं झालं की माळा मरतात किंवा जायबंदी होतात, काड्या तगतात. अशा दह्याचं विरजण लावलं की पुढच्या गाडग्यात काड्यांचं राज्य आणि आंबटपणा वाढलेला. त्यातून पुढचं विरजण, ते आणखी आंबट. तुम्ही "विरजण तेच" म्हणालात, पण ताई, ते तेच राहिलेलं नाही. दिवाळीपासून रोज त्यात निवड होत गेली. विरजण किती घालता यापेक्षा कोणत्या घडीचं घालता हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दही नुकतं घट्ट झालं, कडेला पाणी सुटलेलं नाही, चव गोडसर आंबट आहे, त्या घडीला पुढचं विरजण वेगळ्या स्वच्छ वाटीत काढून लगेच फ्रिजात ठेवा आणि चोवीस तासांत वापरा. गिऱ्हाइकाकडून उरून आलेल्या गाडग्यातलं विरजण कधीच नको.

तारेनं घाबरून जाऊ नका. मी तुमच्या एका गाडग्यात चमचा बुडवून उचलला तेव्हा वीतभर धागा आला, मधासारखा, तुटायलाच तयार नाही. वास मात्र स्वच्छ दह्याचा. काही लॅक्टोकोकस आपल्याभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत आवरण विणतात, त्याची ही तार. विष नाही ते. फिनलंडमध्ये विली नावाचं दही मुद्दाम असंच तारेचं लावतात आणि आवडीनं खातात. (ऊस तोडून दोन-तीन दिवस फडात पडला की रस चिकट होतो, तिथं ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू हे असंच काम करतो, फक्त उसाच्या साखरेपासून. अथणी-चिकोडीकडे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, डेक्स्ट्रन, म्हणजे तो चिकट पदार्थ, म्हटलं की कपाळावर आठी येते.) तुमच्याकडे तार हिवाळ्यातच येते कारण २० अंशांच्या गार रात्री हे आवरणवाले बाकीच्यांना मागे टाकतात, आणि कमी तापमानात आवरणही जास्त विणलं जातं. लॅक्टोकोकसमध्ये या गुणाची जनुकं बहुधा मुख्य डीएनएवर नसून प्लास्मिड नावाच्या सुट्या छोट्या वर्तुळावर असतात. उबेत वारंवार वाढवलं की पुष्कळ पेशी ते वर्तुळ गमावून बसतात. पेटीनं ऊब टिकली की तार कमी होईल, तरी मी असलेलं विरजण टाकून देऊन नवं आणायला सांगेन.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. विरजण न लावलेल्या कच्च्या दुधालाच तार सुटत असेल तर तो दोष बहुधा भांडी धुण्याच्या पाण्यातून आलेला असतो. तेव्हा हौदाचं पाणी बंद करून भांडी उकळत्या पाण्यानं धुवायची.

कडवटपणाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: दोन-तीन दिवस फ्रिजात साठवलेलं कच्चं दूध. फ्रिज जंतू मारत नाही, फक्त कोणी वाढायचं ते बदलतो. दह्याचे जिवाणू चार-पाच अंशांवर जवळजवळ थांबतात. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू मात्र तिथेही वाढतो आणि प्रथिनं तोडणारं विकर दुधात सोडतो. नंतर दूध उकळलंत की स्यूडोमोनास मरतो, पण त्याचं विकर उकळी सोसून उरतं. ते रात्रभर केसिनचे तुकडे पाडत राहतं आणि त्यातले काही तुकडे जिभेला कडू लागतात. याला दह्याच्या बाजूनं काहीच उपाय नाही. साठवायचंच असेल तर धार काढल्या काढल्या उकळा, थंड पाण्याच्या परातीत भांडं ठेवून लवकर गार करा, मग फ्रिजात. तेही एका दिवसापलीकडे नको. उकळलेल्या दुधातही बॅसिलस जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली रूपं, तगून असतात. जाड कवच आणि आत कॅल्शियमनं घट्ट बांधलेला कोरडा गाभा, त्यामुळे शंभर अंशही ते पचवतात. दूध तासन् तास कोमट राहिलं की ते उगवतात. आंबट वास नसताना दूध नासतं, ते बहुधा यांचं काम.

दूध उकळताना पाच-सात मिनिटं मंद आचेवर उतू न देता ठेवा. त्यानं निवळीतली (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली) प्रथिनं केसिनला चिकटतात आणि दही घट्ट होतं. विरजण घालताना दूध ३८ ते ४० अंश असावं. करंगळी दहा अंक मोजेपर्यंत सुखानं बुडवता आली की समजा तेवढं झालं. पन्नासच्या वर घातलं तर लॅक्टोकोकस तिथेच मरतात.

नवं विरजण कुठून आणायचं? शेजारच्या गावातून, जिथं दही गोड लागतं अशा घरातून. कन्नड बोलणाऱ्या घरात हेप्पू म्हणून मागा, लगेच कळेल. आणि एकाच घरावर विसंबू नका, दोन घरांची विरजणं दोन वाट्यांत वेगळी वाढवा, आलटून पालटून वापरा. जिवाणूंनाही विषाणू असतात, फाज म्हणतात त्यांना. एक फाज पेशीत शिरला की तासाभरात डझनांनी, कधी शेकड्यांनी बाहेर पडतात आणि दही अर्धवट धरून थांबतं. पण फाज निवडक असतो. एका घरच्या जिवाणूंना खाणारा दुसऱ्या घरच्यांना बहुतेक वेळा हात लावू शकत नाही. विरजण मोडलं की शेजारून आणायची आपली जुनी रीत इथे फार उपयोगाची आहे.

नव्या विरजणाची पहिली दोन गाडगी विकू नका. पहिल्या रात्री पेटीत तापमापी ठेवा, रात्री अकराला आणि पहाटे पाचला आकडा लिहा. पाचला २८ च्या खाली गेलं असेल तर कोंड्याचा थर चार बोटं वाढवा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. लेकीला कॉलेजातून सामू मोजायच्या कागदाच्या पट्ट्या आणता आल्या तर दर दोन तासांनी एका वाटीतल्या दह्याला पट्टी लावून आकडे मला पाठवायला सांगा. तिचा आलेख मी बघून देईन.